९ + ४ + ६ = १९, पण म्हणजे नक्की काय?

मागच्या महिन्यात एका कॅमेरा क्लबच्या मासिक स्पर्धेत मी गुण लिहायला बसले होते. मला फोटोतलं फार कळतं असं नाही. मैत्रीण क्लबची सदस्य आहे, ती म्हणाली, "तू मूल्यमापनावरच पीएच.डी. करतेयस ना, मग बेरीज तरी करायला ये." गेले. अंधारी खोली, भिंतीवर प्रोजेक्टर, पुढे तीन खुर्च्यांवर तीन परीक्षक. फोटो एकेक करून येणार, नाव गुप्त, प्रत्येक परीक्षकानं १० पैकी गुण द्यायचे आणि मी ते एक्सेलमध्ये भरायचे. काम सोपं. पण घरी आले तेव्हा डोक्यात एकच आकडा फिरत होता, १९.

झालं असं. तिसऱ्या क्रमांकासाठी दोन फोटोंची बेरीज सारखी आली. पहिला फोटो भिगवणच्या फ्लेमिंगोंचा. पाण्यात ओळीनं उभे, खाली प्रतिबिंब, पिसन् पीस स्पष्ट. गुण ६, ६, ७. एकूण १९. दुसरा फोटो एसटीतला. पहाटेची बस, खिडकीला डोकं टेकून झोपलेली शाळकरी मुलगी, फ्रेम जरा तिरकी, डाव्या कडेला कुणाचा तरी हात अर्धवट कापलेला. गुण ९, ४, ६. एकूण १९.

क्लबचा नियम होता की बरोबरी झाली तर मुख्य परीक्षकाचे गुण बघायचे. मुख्य परीक्षकांनी एसटीच्या फोटोला ४ दिले होते. फ्लेमिंगो तिसरे आले.

निकालानंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ माझ्याकडे आले. एसटीत वाहक आहेत, फोटो त्यांचाच. म्हणाले, "ताई, मला एवढंच सांगा, नक्की काय चुकलं?" माझ्यासमोर पूर्ण तक्ता उघडा होता. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट, पेटची तयारी करत असाल, किंवा सिनॉप्सिसच्या मागे असाल. तुम्हाला वाटेल, फोटोच्या स्पर्धेचं आपल्याला काय? तर बघा, उद्या तुम्ही वर्गनिरीक्षण करणार, मुलाखतींचं कोडिंग करणार, निबंध तपासणार, पदनिश्चयन श्रेणी वापरणार. हे सगळं म्हणजे माणसानं दुसऱ्या कशालातरी आकडा देणं. त्या खोलीत नेमकं हेच चाललं होतं. म्हणून त्या परीक्षणाचं हे परीक्षण.

बेरीज काय लपवते

६, ६, ७ याचा अर्थ तिघांचं साधारण एकमत: फोटो चांगला आहे, थोर नाही. ९, ४, ६ याचा अर्थ अगदी वेगळा. एकाला फोटो अप्रतिम वाटला, एकाला कच्चा वाटला, तिसरा मध्येच राहिला. बेरीज केली की दोन्ही सारखे दिसतात. दुसऱ्या फोटोबद्दलची सर्वात महत्त्वाची माहिती, म्हणजे त्याच्यावरून परीक्षकांत फूट पडली ही, बेरजेत पुसली गेली.

इथं घाईनं "परीक्षण काय, शेवटी व्यक्तिनिष्ठच!" असं म्हणून मोकळं होऊ नका. तेही बेरजेइतकंच आळशी उत्तर आहे. मतभेद तीन प्रकारचे असू शकतात आणि तिन्हींचं औषध वेगळं असतं. ते वेगळे ओळखता येणं, हे मला या लेखात सांगायचं आहे.

पहिला मतभेद: स्वतःचा स्वतःशी

एकाच परीक्षकानं एकच गोष्ट दोनदा बघितली तर गुण सारखे पडतील का? अमेरिकेत कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी हे तपासलं. एकाच बाटलीतली वाइन तीन वेगवेगळ्या पेल्यांत, इतर वाइनमध्ये मिसळून, त्याच परीक्षकापुढे ठेवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीत गुण देऊ शकणारे परीक्षक साधारण १० टक्केच होते. आणि हे परीक्षक नवशिके नव्हते.

लगेच "फोटोंवरही हाच प्रयोग करूया" असं मनात आलं असेल तर थांबा. वाइनच्या पेल्यावर ओळख पटेल असं काही नसतं. फोटो मात्र लक्षात राहतो. झोपलेली मुलगी वीस फोटोंनंतर पुन्हा आली तर परीक्षक म्हणेल, "हा झाला की मघाशी!" म्हणजे फोटोंसाठी मधे काही आठवड्यांचं अंतर ठेवावं लागेल, आणि तरीही स्मरणाचा परिणाम पूर्ण जाईलच असं नाही. दुसऱ्या क्षेत्रातली पद्धत उचलताना ती तिथं का चालली, हे आधी विचारायचं. प्रपोजलच्या मुलाखतीत अडकवणारे प्रश्न बहुतेक इथलेच असतात.

परीक्षक स्वतःशीच विसंगत होतो याचं एक मोठं कारण म्हणजे क्रम. बेल्जियममधल्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या अंतिम फेरीत बारा जण असत, रोज दोन असे सहा संध्याकाळी वाजवत. कोण कधी वाजवणार ते चिठ्ठ्या टाकून ठरे. म्हणजे क्रमाचा आणि गुणवत्तेचा काही संबंध असायला नको. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी १९९६ च्या निबंधात दाखवलं की संबंध होता: पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचे क्रमांक खाली लागत, शेवटाकडे वाजवणाऱ्यांना फायदा होई. या अभ्यासाची खरी गंमत त्या चिठ्ठ्यांत आहे. प्रयोग कुणी मुद्दाम केला नव्हता, पण चिठ्ठ्यांमुळे तो आपोआप झाला. अशा तयार संधी ओळखायला शिका, त्यांना खर्च शून्य लागतो.

आता क्लबकडे या. आमच्या फोल्डरमध्ये फोटो कोणत्या क्रमानं होते? फाइलच्या नावानं. फाइलचं नाव कशावरून? सदस्याच्या आडनावावरून. म्हणजे प्रत्येक महिन्याला आपटे पहिले आणि यादव शेवटी. पहिल्या फोटोला परीक्षक हात राखून गुण देतात, कारण पुढे काय येणार हे माहीत नसतं. मधे कधीतरी थकवा येतो. जेजुरीच्या भंडाऱ्याचा पहिला पिवळा फोटो "वा!" मिळवतो, पाचव्याला कुणी मान वर करून बघत नाही. पाचवा कदाचित सर्वात चांगला असेल. यात कुणाचाही वाईट हेतू नाही. फोल्डर आडनावानं लागलं, बास.

या मतभेदाचं औषध कार्यपद्धतीत आहे. क्रम यादृच्छिक करा, मधे विश्रांती ठेवा, आणि गुण द्यायच्या आधी सगळे फोटो एकदा नुसते भरभर दाखवा, म्हणजे आज कोणत्या तोडीचे फोटो आलेत याचा अंदाज येतो. तुमच्या संशोधनातही पहिल्या पाच मुलाखती आणि शेवटच्या पाच मुलाखती तुम्ही एकाच नजरेनं कोड केल्यात का, ते परत जाऊन बघा. मी बघितल्या. केल्या नव्हत्या.

दुसरा मतभेद: पट्टीचा

काही परीक्षक सढळ हाताचे असतात, काही कडक. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यानं फार बिघडतही नाही. एकजण सगळ्यांनाच दोन गुण कमी देत असेल तर क्रमांक बदलत नाहीत. बिघडतं ते गुणांच्या पसाऱ्यामुळे. समजा, पहिला परीक्षक ४ ते ९ अशी पूर्ण पट्टी वापरतो आणि बाकीचे दोघे फक्त ६ आणि ७ देतात. एका फोटोला ९, ६, ६ मिळाले, एकूण २१. दुसऱ्याला ५, ७, ७ मिळाले, एकूण १९. तिघांपैकी दोघांना दुसरा फोटो जास्त आवडला, पण जिंकला पहिला. कागदावर परीक्षक तीन होते, निकाल मात्र एकानंच लावला.

यावर उपाय म्हणून प्रत्येक परीक्षकाचे गुण प्रमाणित करता येतात, किंवा गुणांऐवजी क्रम घेता येतो. पण सॉफ्टवेअरचं बटण दाबण्याआधी एक विचारा: दुसरा परीक्षक ६ आणि ७ च का देतोय? त्याला खरोखरच फोटोंत फरक दिसत नसेल तर त्याचे गुण ताणून तुम्ही त्याचा गोंधळच मोठा करून ठेवाल.

इथंच सहसंबंधाचा सापळा आहे. एका परीक्षकानं चार फोटोंना ८, ६, ९, ५ दिले आणि दुसऱ्यानं ६, ४, ७, ३ दिले, तर दोघांच्या गुणांचा सहसंबंध १ येतो, म्हणजे परिपूर्ण. प्रत्यक्षात मात्र एकाही फोटोवर दोघांचे गुण जुळलेले नाहीत. सहसंबंध सुसंगती सांगतो, सहमती सांगत नाही. प्रबंधात "दोन निरीक्षकांमधील सहसंबंध उच्च आहे" असं लिहून पुढे जाणारे खूप भेटतील, तुम्ही त्यातले होऊ नका.

नुसती सहमतीची टक्केवारीही फसवते. समजा, दोन परीक्षकांनी १०० फोटोंपैकी प्रदर्शनासाठी कोणते घ्यायचे ते ठरवायचं आहे, आणि दोघेही ८० घेतात. डोळे मिटून घेतले तरी दोघांचं ६८ फोटोंवर जुळेल अशी अपेक्षा आहे: दोघांनीही घेतलेले ६४, दोघांनीही नाकारलेले ४. आता प्रत्यक्षात ७६ वर जुळलं तर ७६ टक्के ऐकायला छान वाटतं, पण योगायोगाच्या वर ते फक्त ८ आहे. योगायोगापलीकडे ३२ मिळवता आले असते, त्यातले ८ मिळाले, म्हणजे ०.२५. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा तो हाच. हा कप्पा कपाटातला नाही, ग्रीक अक्षर आहे. सूत्र पाठ करण्यापेक्षा हे एक उदाहरण वहीत करून बघा, परीक्षेत विसरणार नाही.

तिसरा मतभेद: कशाला चांगलं म्हणायचं याचा

आता ९ आणि ४ कडे परत येऊ. हा फरक थकव्याचा नव्हता, पट्टीचाही नव्हता. निकालानंतर परीक्षक बोलले तेव्हा ते कळलं. ४ देणारे म्हणाले, "फ्रेम तिरकी आहे, कडेला हात कापलाय, नजर बाहेर जाते." ९ देणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिरकी आहे म्हणूनच बसचा हिसका जाणवतो, आणि तो हात नसता तर गर्दी कुठून दिसली असती?" दोघांनाही तेच दोन दोष दिसले होते. एकाच्या लेखी ते दोष, दुसरीच्या लेखी तोच फोटोचा प्राण.

हा मतभेद सरासरीनं सुटत नाही. ९ आणि ४ यांची सरासरी साडेसहा येते, आणि त्या दोघांपैकी कुणाचंच मत साडेसहाचं नव्हतं.

मग करायचं काय? बरेच क्लब निकषांचा तक्ता करतात: तंत्राला इतके, रचनेला इतके, परिणामाला इतके. दिसायला शास्त्रशुद्ध. पण एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं की सैन्यातले वरिष्ठ आपल्या अधिकाऱ्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण देत, तरी ते सगळे एकमेकांशी अवाजवी जुळत. एकूण मत आधी बनतं आणि रकाने नंतर त्याच रंगात भरले जातात. यालाच आपण प्रभामंडल परिणाम म्हणतो. रकाने तीन केले म्हणून मोजमापं तीन होत नाहीत.

दुसरा मार्ग आहे नियम घट्ट करण्याचा. क्षितिज सरळ हवं, कडेला काही कापलेलं नको, डोळ्यात चमक हवी, विषय एकतृतीयांश रेषेवर हवा. असे नियम केले की परीक्षकांचं पटापट जुळतं. एकमत मिळवणं खरं तर फार स्वस्त आहे, सहज मोजता येईल तेच मोजायचं ठरवलं की झालं. विश्वसनीयता वाढते. आणि सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं होतं तेच मोजलं जातंय का, ती हातातून निसटते. एकतृतीयांशाचंच घ्या. हा नियम छापून आला १७९७ मध्ये, जॉन थॉमस स्मिथ या इंग्लिश चित्रकाराच्या ग्रामीण दृश्यांवरच्या पुस्तकात. छायाचित्रण जगापुढे आलं १८३९ मध्ये. निसर्गचित्रांसाठी दिलेला सल्ला आज धावत्या एसटीतल्या फोटोचे गुण कापायला वापरला जातो, आणि तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. सदस्यही हुशार असतात. काय मोजलं जातंय हे त्यांना तीन महिन्यांत कळतं आणि तसेच फोटो यायला लागतात. वारी, तालमीतले पैलवान, धुळीतून जाणारी मेंढरं, सगळं सुबक, सगळं एकासारखं एक.

नियम टाकूनच द्यावेत असं मी म्हणत नाही. चांगली व्याख्या कशी असते तेही फोटोंच्याच जगात बघायला मिळतं. फियाप, पीएसए आणि आरपीएस या संस्थांनी २०१५ पासून निसर्ग विभागासाठी समान व्याख्या स्वीकारली. मानवी वस्तू फ्रेममध्ये नको, पण माणसानं बदललेल्या परिसरालाच सरावलेले गव्हाणी घुबडासारखे जीव असतील आणि ती वस्तू त्या कथेचाच भाग असेल तर चालेल. नियमही दिला, अपवादही दिला, आणि अपवाद का तेही सांगितलं. तारेवर बसलेल्या खंड्याबद्दल परीक्षक तरीही वाद घालतील, पण निदान वाद कशावर घालायचा ते त्यांना माहीत असेल. तुमच्या प्रस्तावातल्या कार्यात्मक व्याख्या अशा हव्यात.

परीक्षक फ्रेममध्ये नसलेल्या गोष्टीही बघत असतात, हेही ध्यानात ठेवा. २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकारानं फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात पाठवला. पक्ष्यानं मान अंगात खुपसलेली, त्यामुळे डोकंच नाही असं वाटतं. त्या विभागात त्याला परीक्षकांचं तिसरं बक्षीस आणि लोकांच्या मतांचंही बक्षीस मिळालं. फोटो खरा असल्याचं त्यानं सांगितल्यावर तो अपात्र ठरला. प्रत्येकजण विभागाची पाटी वाचून फोटो बघत होता. आमच्या खोलीत पाटी नव्हती, नावंही गुप्त होती. पण पहाटेच्या एसटीत वाहकाच्या जागेवरून फोटो कोण काढणार, हे सगळ्या क्लबला माहीत होतं.

माझीही गोष्ट

दुसऱ्याच्या परीक्षणाला नावं ठेवणं सोपं असतं, म्हणून आता माझं सांगते. माझ्या अभ्यासात मी गणिताच्या तासांना बसते आणि शिक्षकाचा प्रत्येक प्रश्न 'विचारप्रवर्तक' की 'माहितीवजा' ते नोंदवते. विश्वसनीयतेसाठी एक सहकारी दुसरा निरीक्षक म्हणून बसला. काही प्रश्नांवर आमचं जुळेना. शिक्षक विचारायचे, "असं का झालं असेल?" आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर सांगून टाकायचे. मी 'विचारप्रवर्तक' लिहायचे, तो 'माहितीवजा'. सिनॉप्सिसची तारीख जवळ आलेली. आम्ही बसलो, चहा घेतला, मी त्याला पटवलं, सगळ्या नोंदी जुळवल्या आणि कप्पा झकास आला.

गाईड मॅडमनी तक्ता बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "भांडण मिटवलंत ते ठीक, पण भांडण कशावरून होतं ते कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलं नव्हतं. मी प्रश्नाची वाक्यरचना बघत होते, तो बघत होता की उत्तराला जागा मिळाली का. माझ्या विषयाचा गाभाच तो होता, आणि आकडा छान यावा म्हणून मी तो पुसला होता. पुढे साधनात दोन वेगळे रकाने केले, आधीचे तास पुन्हा बघितले. दोन महिने गेले. पण आज प्रबंधातलं जे प्रकरण मला मनापासून माझं वाटतं, ते त्या भांडणातून आलंय.

तुमच्या वहीसाठी

१. गुण किंवा कोड देण्याआधी काय मोजतोय ते एका वाक्यात लिहा, आणि सोबत अपवादाचं एक उदाहरण द्या.

२. सुरुवातीला पाच-सहा नमुने सगळ्या निरीक्षकांनी एकत्र बघा आणि बोला. त्यानंतरचं काम मात्र स्वतंत्रपणे. काम चालू असताना कुणी "वा!" म्हणायचं नाही.

३. क्रम यादृच्छिक ठेवा आणि तो कसा लावला ते लिहून ठेवा.

४. चर्चेआधीचे मूळ आकडे जपून ठेवा. विश्वसनीयता त्यांच्यावरून काढायची, चर्चेनंतर जुळवलेल्या आकड्यांवरून नाही.

५. जिथं सर्वात मोठा फरक पडला त्या दहा नोंदी काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा: थकवा, पट्टी, की व्याख्या? पहिल्या दोन प्रकारांसाठी पद्धत सुधारा. तिसऱ्यासाठी बोला, आणि ते बोलणं प्रबंधात येऊ द्या.

क्लबलाही मी एक सुचवलंय. बेरजेच्या शेजारी तिघांचे गुण वेगवेगळे दाखवा, आणि ज्या फोटोवर सर्वात जास्त फरक पडला त्यावर निकालानंतर दहा मिनिटं बोला. सेक्रेटरी म्हणाले, "वेळ कुठंय?" बघू.

त्या वाहक काकांना मी त्या संध्याकाळी तक्त्यातली ओळ दाखवली. ९ कुणी दिले, ४ कुणी दिले आणि दोघं काय म्हणाले, ते सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चुकलं नाही, वाद झाला." पुढच्या महिन्यासाठी त्यांनी फोटो दिलाय असं मैत्रीण सांगत होती. फ्रेम सरळ आहे की तिरकी, ते मी अजून विचारलेलं नाही.